नवं इंजिन, जुनी वायर

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा असो, हर्णै असो की ससून डॉक, इंजिन बदलायचं काम याच दोन महिन्यांत उरकून घेतात. मग बंदी उठायच्या तोंडावर चावी फिरवली की एखाद्या नौकेत सेल्फ नुसताच खटखटतो आणि धक्क्यावरचा प्रत्येक जण वायरमन होतो. अशा वेळी हमखास कानावर पडणारी ही वाक्यं.

“इंजिनच खराब आलंय.”

क्वचित येतंही. पण इंजिन बदलताना वर्षानुवर्षं हात न लागलेले जोड सुटतात: बॅटरीच्या जाड केबली, अर्थिंगचा बोल्ट, पॅनलकडे जाणारी वायरिंग. खाऱ्या हवेनं आतून हिरवं पडलेलं तांबं हलवलं नाही तोवर कसंबसं काम करत होतं, ते आता करत नाही. शिवाय नव्या इंजिनाला छान रंग मारलेला असतो आणि अर्थिंगची केबल त्या रंगावरच आवळली जाते. रंगातून वीज जात नाही. तेवढी जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायची, बोल्ट आवळायचा आणि ग्रीस मग वरून लावायचं.

“टेस्ट लॅम्प पेटतोय, म्हणजे करंट येतोय.”

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे खाणारा गैरसमज हाच. दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो. केबलची एक तार शाबूत असली तरी तो झकास पेटतो. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ३०० धरा. जोडात ओहमचा एक शतांश भाग जरी अडथळा असला तरी १२ पैकी ३ व्होल्ट तिथेच मेले. त्यांची होते ९०० वॅट उष्णता, म्हणजे जवळजवळ एक इस्त्री. केबलचा थिंबळ हाताला चटका देतो तो यामुळे.

म्हणून मीटर लावायचा तो सेल्फ मारत असताना. गिअर न्यूट्रलला टाका, स्टॉपचा लिव्हर ओढून धरा म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरा, क्लॅम्पवर नव्हे; दुसरं सेल्फच्या जाड टर्मिनलवर. दुसऱ्या माणसानं चावी फिरवायची. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर त्या वाटेत दोष आहे. मग निगेटिव्ह खुंट ते सेल्फची बॉडी. इथे पाव व्होल्टच्या आसपासच असावा. टोक एकेक जोड मागे आणत जा. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडतो, तो जोड गुन्हेगार. त्याच वेळी खुद्द बॅटरी साडेनऊच्या खाली गेली तर मात्र बॅटरीच चार्ज नाही किंवा संपली आहे. नुसती उभी असताना ती १२.६ दाखवत होती याला अर्थ नाही. (हे १२ व्होल्टचे आकडे, २४ ला दुप्पट धरा.)

“खटखटतोय, सेल्फ गेला.”

सोलेनॉइड ओढला जातो, लोड येताच व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. ही कमी व्होल्टेजची खूण आहे. यापायी धडधाकट सेल्फ वाइंडिंगला गेलेले आहेत. एकच भरीव ‘खट्ट’ होऊन सगळं गप्प झालं, तर निराळी शंका घ्या. सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडणाऱ्या नौकेत ते पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. तिथे पुन्हा पुन्हा सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

“सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही; वायरिंग बघा.”

डिझेलला ठिणगी लागत नाही. बहुतेकदा लाइनीत हवा असते; एअर काढा. विजेचा संबंध मुख्यतः स्टॉप सोलेनॉइडपुरता. काही इंजिनांत करंट दिला की डिझेल बंद होतं, काहींत करंट असेपर्यंतच डिझेल चालू राहतं. जुन्या पॅनलची वायर विचार न करता नव्या इंजिनाला जोडली तर ते सुरूच न होण्याची शक्यता असते.

“चार्जिंगचा बल्ब गेलाय, चालतंय की.”

बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. बल्ब नाही, तर चार्जिंगही जागं होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. पॅनलवरची आणखी एक गोष्ट: तापमानाचा काटा थंड इंजिनावरच लालमध्ये गेला, तर थर्मोस्टॅट उघडत बसू नका; जुना मीटर आणि नवा सेन्सर यांचे ओहम जुळत नसावेत.

“चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढा, बंद पडलं तर अल्टरनेटर खराब.”

ही डायनामोच्या काळातली युक्ती. मेकॅनिकल पंपाचं, करंट दिल्यावरच बंद होणारं डिझेल इंजिन बॅटरी नसतानाही चालत राहतं, त्यामुळे यातून कळत काहीच नाही. उलट लोड अचानक तुटल्यानं व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. चालू इंजिनावर बॅटरीचा कटऑफ स्विच बंद केला तरी तेच होतं.