उन्हाकडे सरकलेला देश

२०२०च्या जनगणनेत न्यूयॉर्क राज्यात २ कोटी २ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा वाढलेला होता, तरी या राज्यानं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातली एक जागा गमावली. बाकी राज्यांचे आकडे तसेच राहून न्यूयॉर्कमध्ये आणखी फक्त ८९ माणसं मोजली गेली असती, तर ती जागा वाचली असती. एखाद्या मध्यम इमारतीत राहतात तेवढी ही माणसं. त्याच वेळी फ्लोरिडाला एक आणि टेक्ससला दोन जागा जास्त मिळाल्या. १९४०च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्कचे ४५ प्रतिनिधी होते आणि फ्लोरिडाचे ६. आज न्यूयॉर्कचे २६ आहेत आणि फ्लोरिडाचे २८.

युद्ध नाही, दुष्काळ नाही, फाळणी नाही. तरीही ऐंशी वर्षांत एका देशाचा तोल असा थंडीकडून उन्हाकडे कलला. माणसं एकेकटी निघाली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपापला हिशोब मांडून. तो हिशोब बहुतेकांनी चोख केला होता असं माझं मत आहे. त्यात जे आकडे धरलेच नव्हते, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

आधी दोन शहरं पाहू. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची लोकसंख्या ५,८०,१३२ होती आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सची १,०६,८१८. २०२०मध्ये बफेलो २,७८,३४९वर आलं होतं आणि फिनिक्स १६,०८,१३९वर पोचलं होतं. एक शहर निम्म्याहून कमी झालं, दुसरं पंधरा पट वाढलं. फिनिक्स आता अमेरिकेतलं पाचव्या क्रमांकाचं शहर आहे. बफेलोच्या घसरणीचा सगळा दोष बर्फाला देणं अन्यायाचं होईल. पोलादाचे कारखाने बंद पडले, लोक शहर सोडून उपनगरांत गेले. पण बर्फही खराच. डिसेंबर २०२२च्या एका हिमवादळात बफेलोत चार फुटांहून जास्त बर्फ पडला आणि बफेलोच्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ४७ माणसं दगावली. काही जण गाडीत अडकून, काही बिनउबेच्या घरात, काही दारातला बर्फ उपसताना हृदय बंद पडून. ज्या म्हाताऱ्या माणसाला पाच महिने अंगणात पाऊल टाकायची भीती वाटते, त्याला जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात रोज तासभर चालता येणं म्हणजे आयुष्य परत मिळणंच आहे. या ओढीला कुणीही कमी लेखू नये.

ती ओढ किती मोठी आहे, हे १ जानेवारी १९६० रोजी दिसलं. बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी फिनिक्सजवळ निवृत्तांसाठी ‘सन सिटी’ नावाची वसाहत उघडली होती. नमुन्याची पाच घरं, एक दुकानसंकुल, गोल्फचं मैदान असा छोटासा संसार. पहिल्या तीन दिवसांत पाहायला सुमारे एक लाख माणसं आली. त्या वर्षी सगळ्या फिनिक्सची वस्ती साडेचार लाखांच्या आत होती.

अशा उन्हात राहणं शक्य झालं ते एका यंत्रामुळे, एसीमुळे. १९०२मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली, कारण दमटपणानं कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. त्याच्याही अर्धशतक आधी, १८५१ साली, फ्लोरिडातल्या अपलाचिकोला गावचे डॉक्टर जॉन गोरी यांनी बर्फ बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं होतं. त्यांना तापानं फणफणलेल्या रुग्णांच्या खोल्या गार करायच्या होत्या. ते निर्धन अवस्थेत गेले. आज वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लोरिडाच्या वतीनं जे दोन पुतळे उभे आहेत, त्यातला एक गोरींचा आहे आणि तो मान त्यांचाच आहे. १९६०मध्ये अमेरिकेतल्या साधारण १२ टक्के घरांत एसी होता, २०२०मध्ये ८८ टक्के घरांत. फ्लोरिडाची लोकसंख्या १९५०मध्ये २७ लाख ७१ हजार होती, २०२०मध्ये २ कोटी १५ लाख झाली. हे दोन आलेख वेगळे काढताच येत नाहीत.

दुसरं कारण कराचं. फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडा, टेनेसी या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात सर्वांत वरच्या टप्प्याचा दर १३.३ टक्के आहे. श्रीमंतांसाठी हा फरक प्रचंड ठरतो. करविवरणांनुसार २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात येणाऱ्यांनी आणलेलं आणि जाणाऱ्यांनी नेलेलं वार्षिक उत्पन्न यांतला फरक सुमारे ३९ अब्ज डॉलर होता. साध्या नोकरदाराचं गणित मात्र इतकं सरळ नाही. टेक्सस आयकर घेत नाही, पण घरपट्टी घेतं, आणि ती घराच्या किमतीच्या दीड टक्क्याच्या आसपास बसते. चार लाख डॉलरच्या घरावर दरवर्षी सहा हजार डॉलरच्या आसपास. नोकरी गेली, उत्पन्न थांबलं तरी ही पट्टी थांबत नाही.

मराठी माणूसही या प्रवाहात आहे. टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं गाव आहे. १९९०मध्ये तिथे सहा हजारांच्या आसपास वस्ती होती, २०२०मध्ये २ लाख ५०९. गावात आणि आसपासच्या प्लेनो, अर्व्हिंग भागांत भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, त्यात मराठीही. तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९चं अधिवेशन डॅलसलाच भरलं होतं. घर परवडतं, शाळा चांगल्या, नोकऱ्या भरपूर, आणि हिवाळ्यात फावडं घेऊन दारातला बर्फ काढावा लागत नाही. पुण्या-नागपूरच्या मुलांनी ही निवड केली तर मला ती समजते.

आता न धरलेले आकडे.

३० जून ते ३० जुलै २०२३ या काळात फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ४३.३ अंश सेल्सियस किंवा त्याच्या वर गेला. आधीचा विक्रम १८ दिवसांचा होता. सलग १६ रात्री किमान तापमानही ३२ अंशांखाली उतरलं नाही. पुढच्या वर्षी, २०२४मध्ये, २७ मे ते १६ सप्टेंबर असे ११३ दिवस एकही खंड न पडता पारा दररोज ३७.८ किंवा त्याच्या पुढे जात राहिला. विदर्भातल्या वाचकाला ४३ अंश म्हणजे काय ते समजावायची गरज नाही. पण विदर्भात जूनमध्ये पाऊस येतो आणि जमीन निवते. फिनिक्समध्ये वर्षभराचा सरासरी पाऊस मिळून १८ सेंटिमीटरच्या आसपास. दुपारी तिथल्या डांबरी रस्त्याचं तापमान ७० अंशांच्या वर जातं, आणि चक्कर येऊन त्यावर कोसळलेल्या माणसाची कातडी काही क्षणांत भाजते.

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे उष्णतेमुळे २०२०मध्ये ३२३ माणसं गेली, २०२२मध्ये ४२५ आणि २०२३मध्ये ६४५. हा एका काउंटीचा आकडा आहे, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातला. २०२३मध्ये गेलेल्यांपैकी ४५ टक्के बेघर होते. घरात गेलेलेही आहेत, एसी बिघडलेला किंवा बंद असताना. २०१८च्या सप्टेंबरमध्ये फिनिक्सच्या परिसरातल्या एका वृद्धेनं १७६ डॉलरच्या वीजबिलातले १२५ डॉलर भरले होते. उरलेल्या ५१ डॉलरसाठी तिची वीज तोडली गेली. त्या दिवशी बाहेर ४१ अंशांच्या वर ऊन होतं, आणि ती वाचली नाही. पुढच्या वर्षी, ही गोष्ट उजेडात आल्यावर, भर उन्हाळ्यात वीज तोडण्यावर ॲरिझोनात बंदी आली. हा नियम करायला एक जीव जावा लागला, याचा मला अजून संताप येतो.

आणि सगळ्या शहराचीच वीज गेली तर? संशोधक ब्रायन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये हे गणित मांडलं. पाच दिवसांची उष्णतेची लाट, त्यात दोन दिवस पूर्ण अंधार आणि पुढचे तीन दिवस हळूहळू परत येणारी वीज. फिनिक्समध्ये सुमारे १२,८०० मृत्यू आणि जवळपास आठ लाख लोक रुग्णालयाच्या दारात, म्हणजे शहराची निम्मी वस्ती. तिथे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं घराच्या किमतीआधी हा आकडा वाचावा.

पाण्याची गोष्ट आपल्या मापात सांगतो. फिनिक्सला पाणी देणाऱ्या कोलोराडो नदीचं वाटप १९२२च्या करारानं आणि मेक्सिकोबरोबरच्या १९४४च्या करारानं ठरलं. सगळ्यांचे हक्क मिळून होतात वर्षाला सुमारे ७१९ टीएमसी. या शतकात नदीत सरासरी वाहिलेलं पाणी ५४० टीएमसीच्या आसपास आहे. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे दरवर्षी पावणेदोन कोयना भरतील एवढं पाणी कागदावर आहे आणि नदीत नाही. ही तूट इतकी वर्षं भरून निघाली ती साठ्यातून. याच नदीवरच्या हूवर धरणाच्या मागच्या लेक मीडमध्ये ११०० टीएमसीहून जास्त पाणी मावतं. जुलै २०२२मध्ये ते २७ टक्क्यांवर आलं होतं. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यातून २२ टीएमसी कापले गेले.

फिनिक्सला हे पाणी टुसॉन शहराकडे जाणाऱ्या ५४१ किलोमीटरच्या कालव्यातून येतं आणि टुसॉनपर्यंत पोचताना एकूण ८८० मीटर वर उचलावं लागतं. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला जातो, त्याच्या दीडपट उंची ही, आणि चढतंय ते पाणी. ॲरिझोनातला विजेचा सर्वांत मोठा एकटा ग्राहक हा कालवाच आहे. एसीला वीज लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, नळाच्या पाण्यालाही ती लागते हे घर घेताना कुणी सांगत नाही. न्यायानं हेही सांगायला हवं की राज्यातलं सुमारे ७० टक्के पाणी शेतीला जातं. नव्या घरांनीच नदी आटवली असं म्हणणं चूक आहे. पण जून २०२३मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की फिनिक्सच्या परिसरात पुढच्या शंभर वर्षांच्या मागणीपुढे भूजल २११ टीएमसी कमी पडेल, म्हणून केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी मिळणार नाही. ज्या शहराचा एक मोठा धंदा नवी घरं बांधणं हा होता, त्याला हे ऐकावं लागलं.

फ्लोरिडात पाणी कमी नाही, ते चोहोबाजूंनी आहे. राज्याचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून अवघा १०५ मीटर. पन्नासही राज्यांच्या शिखरांत तो सर्वांत बुटका. नैर्ऋत्य किनाऱ्यावर केप कोरल नावाचं शहर १९५७पासून दलदल उपसून वसवलं गेलं. त्यात ६४० किलोमीटरचे कालवे खोदले, म्हणजे हजारो घरांना मागच्या दारी पाणी मिळालं. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ वादळ ताशी २४० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन त्याच भागात आदळलं. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली. एकूण नुकसान सुमारे ११३ अब्ज डॉलर, म्हणजे नऊ लाख कोटी रुपयांहून जास्त. महाराष्ट्र सरकारचं २०२४-२५चं अख्ख्या वर्षाचं अंदाजपत्रक ६ लाख १२ हजार कोटींचं होतं.

हा खर्च विम्याच्या हप्त्यातून घरोघरी पोचतो. १९९२च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर अकरा विमा कंपन्या बुडाल्या. खासगी कंपन्या ज्यांना नाकारतात त्यांच्यासाठी २००२मध्ये राज्यानं स्वतःची विमा संस्था काढली. शेवटचा आसरा म्हणून काढलेल्या या संस्थेकडे २०२३च्या शरद ऋतूत १४ लाख पॉलिसी जमल्या होत्या. आयकर वाचवून आलेल्या निवृत्त माणसाची बचत या हप्त्यात विरघळते. ज्याचं उत्पन्न ठरलेलं आहे त्याला तर पुढची वाटच दिसत नाही.

उबदार राज्य म्हणजे थंडीपासून सुटका, हेही खरं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सस गोठलं. ४५ लाख घरांची वीज गेली, सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. राज्याचं विजेचं जाळं पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं. कोसळलं असतं तर ते उभं करायला आठवडे लागले असते.

लोक हे आकडे वाचत नाहीत असं नाही. जुलै २०२१ ते जुलै २०२२ या वर्षात इतर राज्यांतून फ्लोरिडात आलेल्यांची संख्या सोडून गेलेल्यांपेक्षा ३,१८,८५५नं जास्त होती. दोन वर्षांनी ही वाढ ६४,०१७वर आली. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात, फ्लोरिडाच्या पाव लोकसंख्येच्या राज्यात, ६८,०४३ची भर पडली आणि नॉर्थ कॅरोलायनात ८२,२८८ची. उत्तरेकडून फ्लोरिडाला जाऊन, मग अर्ध्या वाटेवर मागे फिरून कॅरोलायनांत स्थिरावणाऱ्यांना तिथे ‘हाफबॅक’ म्हणतात. थोडा हिवाळा, थोडा उन्हाळा, समुद्रापासून दूर डोंगरातलं गाव, असा त्यांचा नवा हिशोब. नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल त्यासाठी नावाजलेलं होतं.

ती मोजणी १ जुलै २०२४ रोजी संपली. त्याच वर्षीच्या २६ सप्टेंबरला ‘हेलेन’ वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी शेकडो किलोमीटर आत, डोंगरांवर कोसळलं. नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं गेली. ॲशव्हिलच्या नळांना पुन्हा पिण्याजोगं पाणी आलं ते ५३ दिवसांनी.