पाण्याखालचा श्वास आणि जुना रेग्युलेटर

खर्ड्याहून मालवण-तारकर्लीला गेलेला पर्यटक स्कूबासाठी समुद्रात उतरतो, तेव्हा त्याचा श्वास रेग्युलेटरवर अवलंबून असतो. सिलिंडरमधली हवा सुमारे २०० बार दाबाची असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त, इथपर्यंत उतरवतो. तोंडाजवळचा दुसरा टप्पा पाण्याच्या दाबाइतकी हवा देतो.

जुन्या रेग्युलेटरचा धातू वर्षानुवर्षे टिकतो. रबर टिकत नाही. ओ-रिंग कडक होतात, आत मीठ साचते. व्हॉल्व्हची सीट झिजली की मधला दाब चढतो, हवा आपोआप वाहू लागते आणि सिलिंडर लवकर रिकामा होतो. पडदा फाटला तर श्वासाबरोबर पाणी तोंडात येते. गोड्या पाण्याने रोज धुतले, तरी ही झीज थांबत नाही.

म्हणून सर्व्हिसिंगमध्ये प्रशिक्षित तंत्रज्ञ रेग्युलेटर पूर्ण उघडतो, भाग स्वच्छ करतो, ओ-रिंग आणि सीट बदलतो, मग मधला दाब तपासतो. सुटे भाग त्याच मॉडेलचे हवेत. मिळत नसतील, तर तो रेग्युलेटर वापरातून काढावा.

उतरण्यापूर्वी शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, हे विचारावे. दाबमापकाकडे पाहत चार-पाच श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली-वर होत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसू शकतो. कारण सापडेपर्यंत पाण्यात उतरू नये.