सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागदच का जाळले?

झाडावरची चिंच खाली का पडते? देठ सुकला, वारा सुटला, पृथ्वीने ओढून घेतली. संपलं! चिंचेच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही. पण माणूस काही करतो ना, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. त्याला काय हवं होतं, हेही शोधावं लागतं.

चला, बारामती तालुक्यातल्या सुप्याला जाऊ. तारीख 12 मे 1875. सुपे म्हणजे बाजारपेठेचं, सावकारांचं मोठं गाव. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितलं काय? हिशेबाच्या वह्या आणि कर्जाची खतं, म्हणजे कर्जाचे लेखी करार! हाती आली ती जाळली. धान्याची दुकानंही लुटली गेली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचलं.

का बरं?

पहिलं उत्तर पार अमेरिकेतून येतं. तिथे 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला, म्हणून इंग्लंडने आपल्याकडचा कापूस उचलला. भाव चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध थांबलं, भाव कोसळले, कर्ज मिळेनासं झालं. त्यात सरकारने शेतसाराही वाढवला.

पण भाव पडले म्हणून कुणी आपोआप कागद जाळत नाही. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघा. समजा, 100 रुपये कर्ज आहे, व्याज वर्षाला 24 टक्के. तीन वर्षांत झाले 172. तीन वर्षांनी जुन्या खताची मुदत संपायची, म्हणून सावकार आधीच नवं खत लिहून घ्यायचा, 172 रुपयांचं! आता व्याजावरही व्याज. अनेक शेतकऱ्यांना वाचता येत नसे. सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायची, बस्स. कोर्टात मात्र तोच कागद बोलायचा. कागदच नसेल, तर कर्ज सिद्ध कसं करणार?

म्हणजे त्यांना कर्जाचा पुरावाच मिटवायचा होता. हा अंदाज बरोबर आहे, हे कशावरून? पडताळून पाहू. नुसता राग असता, तर मारहाण जास्त झाली असती. नुसती भूक असती, तर धान्य नेऊन लोक घरी गेले असते. पण सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. म्हणजे लक्ष्य कागदच होते!

एकट्याने हे केलं असतं, तर लगेच पकडला गेला असता. शेकडो जण एकत्र आले, म्हणून धीर आला. तरीही शेकडोंना अटक झालीच. आणि एक लक्षात ठेवा, एखाद्याने असं का केलं हे कळणं म्हणजे त्याने केलं ते योग्यच ठरवणं नव्हे. लूट आणि जाळपोळ चूकच. पण कारण कळलं, की उपाय सापडतो. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये कायदा केला. आता कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती, हे तपासता येऊ लागलं.

रोजच्या आयुष्यातही असंच करा. तुमचा मित्र अचानक खेळायला येईनासा झाला, तर 'तो तसाच आहे' म्हणून मोकळे होऊ नका. तीन प्रश्न विचारा: त्याच्याभोवती काय बदललं? त्याला काय हवंय? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते? आणि मिळालेलं उत्तर पडताळायला विसरू नका!