पदवीचा अधिकार आणि पदवीची पत

श्रीरामपूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अहिल्यानगर जिल्ह्यातील उसाचे मळे उभे राहतात. परंतु कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम काठावर दुसरे एक श्रीरामपूर आहे आणि त्याचेही मराठी भाषेवर ऋण आहे. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मोडी अक्षरांतील मराठी-इंग्रजी कोश १८१० साली याच गावी छापला गेला. या कामी वैजनाथ पंडित त्यांच्या मदतीस होते. त्याच गावात एक लहानसे ख्रिस्ती महाविद्यालय गेली दोनशेहून अधिक वर्षे उभे आहे. भारतात पाश्चात्त्य धर्तीच्या विद्यापीठाचा दर्जा सर्वप्रथम मिळाला तो मुंबई, कलकत्ता वा मद्रासला नव्हे, तर या महाविद्यालयाला. आज महाविद्यालयांच्या हाती पदवी देण्याचा अधिकार सोपविण्याची भाषा सुरू असताना ही कहाणी आपल्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

हे गाव त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून पूर्वाश्रमी चर्मकाम करणारे केरी १८०० साली येथे आले. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड त्याआधीच काही महिने पोहोचले होते. तिघांनी छापखाना चालविला, शाळा चालविल्या आणि मिळकत एका सामाईक थैलीत टाकली. फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापनाबद्दल केरींना मिळणाऱ्या पगाराचा बहुतांश भागही याच थैलीत जाई.

१८१८ साली त्यांनी महाविद्यालय काढले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. तरीही प्रवेशाचे दार त्यांनी ख्रिस्ती विद्यार्थ्यांपुरते ठेवले नाही. हिंदू आणि मुसलमान तरुणांनाही ते खुले होते. जात, वर्ण वा देश यांवरून कोणालाही अडवू नये, असे संस्थेच्या नियमांतच नमूद झाले. शिक्षणाची दिशाही स्वतंत्र होती. संस्कृतादी पौर्वात्य विद्या, युरोपीय शास्त्रे आणि या दोहोंना जोडणारी देशभाषा, असा तो मेळ होता. येथील जॉन मॅक या अध्यापकाचा रसायनशास्त्रावरील बंगाली ग्रंथ १८३४ साली प्रसिद्ध झाला. उच्च शिक्षण मातृभाषेतून देता येईल काय, या प्रश्नावर आपण अजून परिसंवाद भरवीत आहोत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

२३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी या महाविद्यालयाला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेला तेव्हा तीस वर्षे अवकाश होता. आणि पुढे काय झाले? या सनदेच्या आधारे पहिली पदवी दिली गेली ती १९१५ साली! तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षे हा अधिकार पेटीत पडून राहिला.

असे का व्हावे? पहिले कारण निखळ आर्थिक आहे. १८३० साली कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही मोठी पेढी बुडाली आणि पाठोपाठ इतरही पेढ्या कोसळल्या. संस्थेच्या निधीला त्याची झळ बसली. वॉर्ड १८२३ मध्येच वारले होते. १८३४ साली केरी गेले आणि १८३७ साली मार्शमन. दुसरे कारण अधिक खोल आहे. १८४४ साली सरकारने इंग्रजी शिकलेल्यांना नोकरीत प्राधान्य देण्याचे ठरविले. देशभाषेवर भर देणाऱ्या शिक्षणाला बाजारात मागणी उरली नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव इंग्रजांना विकले. करारात महाविद्यालयाचे हक्क शाबूत राहिले. परंतु १८५७ साली कलकत्ता विद्यापीठ निघाले, तेव्हा स्वतःची सनद बाळगणारी ही संस्था त्या विद्यापीठाशी संलग्न झाली. स्वतःची टाकसाळ असताना शेजारच्या टाकसाळीतले नाणे वापरावे, तसाच हा प्रकार!

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. नाणे चालते ते ते पाडणाऱ्याच्या सनदेवर नव्हे, स्वीकारणाऱ्याच्या विश्वासावर. १८५७ ची विद्यापीठे स्वतः शिकवीत नव्हती, केवळ परीक्षा घेत होती. पण सरकारी कचेरी त्यांची पदवी ओळखत होती, एवढे तरुणांना पुरेसे होते. श्रीरामपूरने अखेर आपला अधिकार वापरला तो धर्मशास्त्रापुरता, म्हणजे जेथे त्याच्या शब्दाला वजन होते त्या क्षेत्रात. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने त्या व्यवस्थेला पक्के रूप दिले. आज पुण्यासह देशभरातील पन्नासहून अधिक धर्मशास्त्रीय विद्यालये या 'सिनेट ऑफ सेरामपूर'शी जोडलेली आहेत. मात्र त्याच आवारातील कला, विज्ञान व वाणिज्य शाखांचे विद्यार्थी आजही कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना पदवीचा अधिकार देण्याचा संकल्प सोडला आहे. खासगी विद्यापीठे तर गावोगावी निघत आहेत. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. दुसऱ्याने आखलेला अभ्यासक्रम शिकवून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यात आमच्या पिढीचे अर्धे आयुष्य गेले आहे. पण अधिकार एका आदेशाने मिळतो, पत मिळत नाही. तिच्यासाठी कायम नेमणुकीचे शिक्षक लागतात, ग्रंथालय लागते, आणि नापासाला नापास म्हणण्याचे धैर्य लागते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांच्या बळावर चालणाऱ्या महाविद्यालयाने उद्या स्वतःची पदवी छापली, तर तिच्यावर विसंबून नोकरी शोधणाऱ्या खेड्यातल्या मुलाने ती कोणाकडे वटवायची?

श्रीरामपूरच्या संस्थेने निदान हा प्रामाणिकपणा दाखविला की, जी पदवी बाजारात चालणार नाही ती विद्यार्थ्याच्या हाती दिली नाही. त्यापायी आपला मोठेपणा अठ्ठ्याऐंशी वर्षे झाकून ठेवणे तिने पत्करले. सनद हाती पडताच पदवीदान समारंभाचा मंडप घालायला निघालेल्यांनी त्या लहानशा महाविद्यालयाची ही सबुरी एकदा तरी आठवून पाहावी.