नळीच्या पोटाखालची अक्षरे

नागपूरच्या इतवारीहून एकेकाळी नॅरोगेजची छोटी गाडी दोन वाटांनी निघायची. एक उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडला, दुसरी सौंसरमार्गे छिंदवाड्याला. दोन्ही वाटा सागाच्या रानाकडे जात. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. त्याआधीच्या काळात रानाशी धंद्याचे नाते असलेल्या घरांत, मालगुजारांकडे, जंगलाच्या ठेकेदारांकडे, परवान्याची रायफल असणे नवलाचे नव्हते. शिकारीचा व्यवसायही नागपुरात होता. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल १९५१ साली मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि ‘ऑल्विन कूपर’ या कंपनीच्या कामात शिरले. मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या मोहिमा आखणे हे तिचे काम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे थांबले, आणि ते थांबायलाच हवे होते. रायफली मात्र राहिल्या.

अशी एखादी रायफल आजोबांच्या कपाटातून वारसाच्या हाती येते तेव्हा पहिले काम म्हणजे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे. मग स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तालयात जातो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरसारखी लष्करी काडतुसे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. शिवाय परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी जवळजवळ बंद असल्याने जुन्या युरोपीय रायफलींना मोठी किंमत सांगितली जाते. त्यामुळे ही रायफल नेमकी कोणत्या काडतुसाची, हा प्रश्न कायद्याचा आहे, पैशाचाही आहे. पण सगळ्यांत आधी तो जिवाचा आहे.

कारण काडतुसांची नावे फसवतात. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोरची. रिग्बीचे .२७५ काडतूस म्हणजेच जर्मनीतल्या मौजरचे ७×५७. एकच काडतूस, दोन नावे. यात धोका नाही. धोका ‘आठ एमएम’ या शब्दांत आहे. मूळच्या ८×५७ काडतुसाची गोळी सुमारे ८.१ मिलिमीटर व्यासाची होती. १९०५ च्या सुमारास जर्मन लष्कराने ती बदलून सुमारे ८.२ मिलिमीटरची केली. पहिल्याला ‘जे’ म्हणतात, दुसऱ्याला ‘जेएस’. बाहेरून दोन्ही काडतुसे जवळजवळ सारखी. जुन्या ‘जे’ नळीत नवे काडतूस बसूही शकते, पण त्याची जाड गोळी अरुंद नळीत दाबून शिरताना दाब नको तितका चढतो. नव्या काडतुसाचा मान्य दाबच ३,९०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास चार हजार पट आहे. त्यावर आणखी भर पडली तर ती सोसणारे पोलाद नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर असते. भर म्हणून आपल्याकडे तिसरे ‘आठ एमएम’ आहे: सरकारी शस्त्र कारखान्यांची .३१५ रायफल. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर घराण्याचे, तळाला बाहेर आलेली कड असलेले ८×५०. ते मौजरचे नव्हेच. तेव्हा ‘आठ एमएमची आहे’ एवढ्या वाक्यावर कुणी रायफल विकत असेल, तर तिथून उठून यावे.

मग ओळखायची कशी? नळीच्या वर कोरलेले झोकदार नाव बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे असते. तपासणाऱ्याचे म्हणणे नळीच्या खालच्या अंगाला, लाकडी दस्त्याने झाकलेले असते. दस्ता उतरवायचा तो परवानाधारक कारागिराने, बोल्ट काढून आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामे असल्याची खात्री करून. जर्मनीत १८९१ च्या कायद्याने प्रत्येक नळीची सक्तीची चाचणी सुरू झाली. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस तिच्यातून उडवायचे आणि ती टिकली तर मुकुटाखाली अक्षर ठोकायचे: ‘बी’ म्हणजे चाचणीचा बार झाला, ‘यू’ म्हणजे नंतर तपासणी झाली, ‘जी’ म्हणजे नळीत आटे (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) आहेत, ‘एन’ म्हणजे धूररहित दारूसाठी चाचणी झाली. १९३९ च्या कायद्यानंतर मुकुटाच्या जागी गरुड आला. काही नळ्यांवर ‘३.२९’ असा आकडा दिसतो. तो मार्च १९२९, चाचणीचा महिना. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मन नळ्यांवर वर्ष दोन अक्षरांत लपलेले असते: ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असे पुढे, जे वगळून के म्हणजे नऊ. ‘जीएफ’ दिसले तर १९६५. बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीघराचा शिक्का लंबवर्तुळात असतो, बर्मिंगहॅमचा वेगळा. ही अक्षरे वाचता आली की कितीतरी विक्रेत्यांच्या गोष्टी गळून पडतात. ‘१९१० सालची’ म्हणून दाखवलेल्या रायफलीवर गरुड कसा?

पण शिक्का त्या दिवसाचा असतो, आणि मधे नळी बदलली गेलेली असू शकते, चेंबर दुसऱ्या काडतुसासाठी कोरलेले असू शकते. इतवारीच्या सराफ्यात दागिन्यावरचा शिक्का वाचूनही सोने कसोटीवर घासतात, तसेच इथे मोजल्याशिवाय भागत नाही. नळीत मऊ शिशाचा तुकडा हळूहळू ठोकत पार नेतात. त्यावर आट्यांचा ठसा उमटतो आणि मायक्रोमीटर खरा व्यास सांगतो. ‘जे’ आणि ‘जेएस’ यांचा निवाडा इथे होतो. चेंबरसाठी बिस्मथ, शिसे, कथील यांचा एक मिश्रधातू वापरतात. तो पाण्याच्या उकळबिंदूच्याही खाली वितळतो. थंड होताना आधी किंचित आकसतो, म्हणून साचा सुटून बाहेर येतो. मग बिस्मथच्या गुणामुळे तो पुन्हा हळूहळू फुगतो आणि तासाभराने जवळजवळ चेंबरच्याच मापाला येतो. तो तासभर थांबून मोजणारा कारागीर मला या सगळ्या व्यवहारातला खरा वैज्ञानिक वाटतो.

आता नळीचे आतले आरोग्य. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद, आणि त्याचा पातळ थर आट्यांत बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून विरघळतो, आणि पोलादाला गंजाची भूक लागते. नागपूरच्या श्रावणातल्या सकाळी ही पातळी सहज गाठतात. घरोघरी लोक नळीला तेल लावत राहिले. पण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. जाणकार शिकारी म्हणूनच आधी गरम पाण्याने नळी धूत, सुकवत आणि मग तेल देत. ज्या घरात हे ठाऊक नव्हते, तिथल्या नळीत प्रकाश सोडून पाहिले की खड्डे दिसतात. नळीच्या मधल्या भागातले थोडे खड्डे मी चालवून घेईन. चेंबरला लागून आटे सुरू होतात तिथली झीज आणि तोंडाशी आलेला ओरखडा मात्र नेम बिघडवतो.

नळीनंतर बोल्टची यंत्रणा. मौजरची १८९८ ची रचना दणकट आहे यात वाद नाही. बोल्टच्या पुढे त्याला जागी अडकवणारे दोन जाड लग, मागे तिसरा राखीव; काडतुसाची टोपी फुटली तर वायू बाजूला सोडणारी छिद्रे; मॅगझिनमधून वर येतानाच काडतूस पकडून ठेवणारा लांब एक्स्ट्रॅक्टर. बोल्ट ज्यात बसतो तो रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा, वरची कातडी कार्बन देऊन कठीण केलेली आणि गाभा चिवट ठेवलेला. पण वर्षानुवर्षे जास्त दाबाचे बार झाले, तर लग जिथे टेकतात ती बैठक ठोकली जाऊन मागे सरकते. मग काडतुसाला मागे सरकायला जागा मिळते आणि त्याचे पितळ तळाजवळ ताणून फाटू शकते. हे पाहायला दोन गेज असतात. एकावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. दोन्हींत फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दुसऱ्यावरही बोल्ट निवांत मिटला, तर त्या रायफलीने पुढे बार काढू नये, मग नाव कुणाचेही असो. बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नसेल तर ही तपासणी दुप्पट गरजेची.

दिसण्यावर मी सर्वांत कमी पैसे लावतो. आरशासारखी नवी निळाई पाहिली की मला काळजी वाटते. ती देण्याआधी पोलाद बफवर घासले जाते आणि कोपरे, क्रमांक, मुकुट, अक्षरे सगळे पुसट होते. उतरलेल्या निळाईची, अक्षरे टोकदार असलेली, जुळत्या क्रमांकांची रायफल मी कितीतरी वर धरीन. रिग्बीच्या विक्रीच्या वह्या अजून टिकून आहेत. क्रमांक कळवला तर बरेचदा मूळ गिऱ्हाईकाचे नाव निघते. मौजरच्या ओबर्नडॉर्फ कारखान्याचे बहुतेक दप्तर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर नष्ट झाले. तिथून निघालेल्या शिकारी रायफलीची नोंद आता तिच्या नळीच्या पोटाखालीच आहे. तेव्हा वारसांना एकच विनंती: कुणाच्याही हाती पॉलिशला देण्याआधी दस्ता उतरवून घ्या, प्रत्येक खुणेचा तिरप्या उजेडात जवळून फोटो काढा, आणि तो परवान्याच्या कागदांसोबत ठेवा.