कमी फिरणारी गाडी, म्हातारे टायर
दुकानदाराची घरची गाडी जुम्मा, ईद आणि लग्नकार्यापुरतीच बाहेर निघते. नक्षी शाबूत दिसते, म्हणून टायर चांगले असे आपण समजतो. पण उन्हाने, हवेने रबर उभ्या उभ्या कडक होते, कडेला चिरा पडतात आणि भर वेगात टायर फुटू शकतो.

टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. दहा वर्षांपलीकडे तर वापरूच नयेत. चिरा दिसल्या किंवा नक्षी १.६ मिलिमीटरवर आली, तर त्याआधीच बदला. स्टेपनीचेही वय मोजा. नवा टायर तारीख पाहूनच घ्या.

बंधूंनो, गाडीत बसलेली बायका-मुले ही आपल्याकडे अमानत आहेत.