मोडीत घालण्यापूर्वी नाणे वाचून घ्या

करमाळा तालुक्यातील केम हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. गावाचे नाव निघाले की लोकांना कुंकू आठवते. हळदीपासून कुंकू करण्याचा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आमचा धंदा मात्र कापडाचा. लुगडी, चादरी, सुती कापड यांत आमची उमर गेली. असे असताना नाण्यांविषयी आम्ही का लिहावे, असे वाचकांना वाटेल. कारण घडले ते असे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक मावशी दुकानात आल्या. पदराच्या गाठीत सात-आठ रुपये होते. दरवर्षी लक्ष्मीपूजनात ठेवल्यामुळे कुंकवाने लाल झालेले. म्हणाल्या, "भाई, मोडवाला वजनावर घेतो म्हणतोय. नातीची फी भरायचीय. देऊन टाकू का?"

आम्ही एकेक रुपया उजेडात धरला. बरेचसे राणीछाप आणि पंचम जॉर्जचे होते. एक मात्र जाड, वेडावाकडा, कडेला सराफाच्या छिन्नीची खूण असलेला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही बाजारात शिकलो. त्या रुपयावरची अक्षरे लावायला थोडा वेळ लागला. एका बाजूला शाह औरंगजेब आलमगीर, हिजरी सनाच्या अकराशेनंतरचे आकडे कापले गेलेले. दुसऱ्या बाजूला जुलूस म्हणजे राज्यारोहणाचे साल, आणि 'जर्ब शोलापूर'. म्हणजे सोलापूरच्या टाकसाळीत पाडलेला.

आम्ही म्हणालो, "मावशी, हा रुपया आपल्या सोलापुरात बनलाय. तीनशे वर्षांपूर्वी."

मावशी बराच वेळ त्या रुपयाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी याला देवी म्हणून पुजत होतो. त्याच्यावर लिवलंय काय ते कुनी सांगितलंच न्हाई."

नाणे म्हणजे काय

आपण व्यापारी लोक नाण्याकडे चलन म्हणून पाहतो, नाहीतर धातू म्हणून. छंद करणारा मनुष्य तिसऱ्या नजरेने पाहतो. त्याला त्यात राजा दिसतो, गाव दिसते, साल दिसते, आणि ज्याने ठसा कोरला तो कारागीरही दिसतो. जुन्या वाड्यात जाऊन आपण भिंतीला हात लावू शकतो, पण वाडा घरी आणू शकत नाही. नाणे मुठीत मावते. ज्या हातांनी ते बाजारात फिरवले त्या हातांच्या रांगेत आपलाही हात जातो. छंदाचे मूळ येथे आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या 'रुपया' या शब्दाला रूढ केले ते शेरशाह सूरीने. १५४० ते १५४५ या पाच वर्षांच्या राज्यात त्याने चांदीच्या रुपयाला असे वजन बांधून दिले की पुढे मोगलांनी तेच साधारण कायम ठेवले. त्याच्या कित्येक रुपयांवर फारसीबरोबर नागरी अक्षरांतही नाव आहे. पुढे १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला एक तोळा. म्हणून आपल्या वाडवडिलांच्या तराजूत वजन नसले तर रुपये टाकले जात. ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. यंत्रावर पाडलेला म्हणून त्याला लोक कलदार म्हणू लागले.

ठसा कोरणाऱ्याचा हुनर

कारागीर बंधूंनी येथे लक्ष द्यावे. मोगल काळात नाणे हाताने पाडीत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर धातूची गोल चकती, तिच्यावर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून बहुतेक नाण्यांवर मजकूर अर्धाच उमटतो. टाकसाळीचे नाव पूर्ण आले, सालही आले, तर छंदी लोक त्या नाण्याला जास्त मान देतात, त्याचे कारण हेच.

पण खरे कसब ठशाचे. पोलादावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती नाण्यावर सुलटी येतात. दोन बोटे रुंदीच्या जागेत बादशहाचे नाव, किताब, सन, शहर एवढे सगळे बसवायचे आणि अक्षराचा डौलही मोडू द्यायचा नाही. छापकाम करणाऱ्यांना, लाकडी ठसे कोरणाऱ्यांना याची कल्पना येईल. अकबराने १५७७ च्या सुमारास फतेहपूर सिक्रीची टाकसाळ ख्वाजा अब्दुस्समद या नामांकित चित्रकाराच्या हाती दिली. 'आईने अकबरी'त दिल्लीच्या मौलाना अली अहमद या ठसे कोरणाऱ्याचे नाव आदराने आले आहे. बादशहाच्या दरबारी ग्रंथात कारागिराचे नाव यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मुसलमान राज्यांच्या नाण्यांवर चित्रापेक्षा अक्षराला जागा मिळाली, याची सुरुवात फार जुनी. हिजरी सन ७७ मध्ये, म्हणजे इ. स. ६९६-९७ च्या सुमारास, खलिफा अब्दुल मलिक यांनी चित्रे काढून टाकून फक्त मजकूर असलेले दीनार पाडले. तेव्हापासून अक्षर हीच नाण्याची शोभा झाली. अपवादही झाले. जहांगीरने १६१८ पासून काही नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी राशींची चित्रे घातली. सिंह, वृषभ, वृश्चिक अशी ती नाणी आज जगभर शोधली जातात. नूरजहाँ बेगमेचेही नाव त्याच्या नाण्यांवर आले. उलट औरंगजेबाने नाण्यावरून कलमा काढला. नाणे कोणाच्याही हातात जाते, पायदळी येते, त्याची बेअदबी होऊ नये हा विचार. त्याच्या रुपयावर पूर्ण चंद्राची उपमा आहे, मोहरेवर सूर्याची. चांदीला चंद्र आणि सोन्याला सूर्य, एवढा विचार त्या ठशामागे होता.

विश्वास छापेवर

नाण्याची छाप ही व्यापाऱ्यांच्या विश्वासाची खूण असते. मराठेशाहीत छत्रपतींच्या नावाची शिवराई गोरगरिबांच्या हाती फिरली, पण चांदीचे अंकुशी आणि चांदवडी रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांतच पाडले गेले. बाजार जी छाप ओळखतो तीच बाजारात चालते. ओळखीची नसली की सराफ बट्टा कापणार. आपल्या पूर्वेला परांडा, तुळजापूर हा मुलूख निजामाचा. तेथे चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब हद्दीवरच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे.

छापेत एवढीशी चूक झाली तरी काय होते, याचा दाखला १९११ च्या रुपयाचा. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते. सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारला तो रुपया परत घ्यावा लागला आणि १९१२ मध्ये ठसा दुरुस्त झाला. कोरणाऱ्याची एक रेघ सरकारला महाग पडली. आजही तेच. दहा रुपयांच्या नाण्यावर चित्रे निरनिराळी, म्हणून कित्येक दुकानदार ते नाकारीत. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की चौदाही प्रकारची दहाची नाणी खरी आहेत. नाणे वाचण्याची सवय असती तर हा घोळ झाला नसता.

आमच्या घरची गोष्ट

आता मनातले सांगतो. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना, १९८० च्या सुरुवातीला, जगभर चांदीचा भाव भडकला होता. दादीच्या वेळची एक पितळी घागर माळ्यावर होती, तिच्यात रुपये होते. अब्बांना दुकानासाठी भांडवल हवे होते. त्यांनी सारे रुपये सराफाकडे नेले. आम्ही बरोबर होतो. मदरशात अलिफ-बे झाले होते, शाळेत उर्दू वाचू लागलो होतो. मुशीत टाकण्यापूर्वी एका रुपयावर 'जर्ब' एवढा शब्द आम्हांला लागला. पुढचे गावाचे नाव लावीत होतो, तोवर अब्बा म्हणाले, "चल बेटा, उशीर होतोय." तो रुपया वितळला. त्या गावाचे नाव आजपर्यंत आम्हांला ठाऊक नाही.

अब्बांना दोष नाही. त्या पैशांतून आलेल्या मालावर आमचे दुकान उभे राहिले, बहिणींची लग्ने झाली. परंतु सगळेच मोडीत घालायची गरज नव्हती. एक ठेवता आला असता. वाचून घेता आला असता.

व्यापारी बंधूंना चार गोष्टी

पहिली गोष्ट, जुने नाणे चिंचेने, राखेने घासू नये. काळपटपणा हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. चकचकीत केलेल्या जुन्या नाण्याला जाणकार कमी किंमत देतो.

दुसरी, नकली माल फार आहे. कलदाराचे वजन तोळाभर भरले पाहिजे, आवाज खणखणीत पाहिजे. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे आणि कडेला सांधा दिसतो.

तिसरी, कायदा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे हे पुरावशेष ठरते. ते परदेशी पाठविता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करण्यास परवाना लागतो. जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे धन सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे भाग आहे.

चौथी, फसवणूक. वैष्णोदेवीच्या छापेचे पाचाचे नाणे द्या, ७८६ नंबरची नोट द्या आणि लाखो रुपये घ्या, असे संदेश मोबाईलवर फिरतात. आधी थोडे शुल्क भरा म्हणतात आणि पैसे घेऊन गडप होतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलेही कमिशन मागत नाही.

ज्यांना खरे शिकायचे आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहावी. १९८० मध्ये ती स्थापन झाली, तेथे संग्रहालयही आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय २००४ पासून आहे. मुलांना एकदा जरूर न्यावे.

वाचणारे किती उरले?

मावशींच्या रुपयाचे पुढे काय झाले? आम्ही त्याचे फोटो सोलापूरच्या एका जाणकाराला दाखविले. त्याने मजकूर बरोबर असल्याचे सांगितले आणि चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त किंमत सांगितली. अर्थात हे न सांगता आम्ही तो रुपया वजनावर ठेवून घेऊ शकलो असतो. मावशींना कधी कळलेही नसते. पण मालाचा गुण ठाऊक असून तो विकणाऱ्यापासून लपविणे हा व्यापार नव्हे. मावशींनी राणीछाप रुपये मोडले, फी भरली. सोलापुरी रुपया मात्र पुन्हा पदराला बांधून घरी नेला. म्हणाल्या, "आता कळलंय, तर राहू दे."

त्या संध्याकाळी आम्ही मोबाईलमधला फोटो आमच्या मुलाला दाखविला. तो हिशेबात आमच्यापेक्षा हुशार, पण मराठी आणि इंग्रजी शिकला. म्हणाला, "अब्बा, यावर नक्षी छान आहे."

आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, ती नक्षी नाही, अक्षरे आहेत. बस, पहिला शब्द दाखवतो."

'जर्ब' त्याला लागला आहे. शोलापूर लावायला अजून दोन-चार दिवस जातील.